पोस्टेज वेगळं

“हॅलो?… हो, बोल आई… येते ऐकू. जिन्यात उभी आहो, म्हणून आवाज घुमत असंन… गांधीबागेत… अवं, गांधीबागेत. कपड्याच्या बाजारात.”

वैभवी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली होती. खालून कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन हमाल वर चढत होता. त्याला वाट द्यायला ती भिंतीला चिकटली. खांद्याला पर्स होती आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं एक झाकण. तिच्या वडिलांच्या, महादेवरावांच्या कानाच्या मशीनमध्ये बॅटरी बसते, त्या बॅटरीचं ते झाकण.

“मिळालं, हो… अकराले आलं हापिसात. तेच आहे, बरोब्बर तेच… नाही, मी दवाखान्यातच निघाली होती. पण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. आई, तो माणूस नागपूरचाच निघाला… हो नं. आमच्या पोस्टापासून पायी पंधरा मिनिटं… थांब, मले सांगू दे. मंग तू बोल.”

आईनं तिकडून काहीतरी म्हटलं. वैभवीनं ते पुरतं ऐकलं नाही. दीड महिन्याचं तिच्या पोटात साचलं होतं, ते आता बाहेर पडत होतं.

दीड महिन्यापूर्वी नरखेडजवळच्या त्यांच्या गावी महादेवराव विहिरीवरची मोटर सुरू करायला वाकले, आणि मशीन कानातून निसटून दगडावर आपटली. बाकी शाबूत राहिली, झाकण तेवढं तुटलं. चिकटपट्टी लावून पाहिली, तर आवाज क्षणभर यायचा आणि जायचा. सीताबर्डीच्या दुकानांत सांगितलं, हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. नवीन घेण्याची महादेवरावांची ऐपतही नव्हती आणि तयारीही नव्हती. शेवटी वैभवीला मोबाईलवर एक विक्रेता सापडला. झाकणाची किंमत साठ रुपये. पोस्टेज नऊशे ऐंशी.

दुसरं कोणी असतं तर कुरकुरत का होईना, भरून मोकळं झालं असतं. पण वैभवी सोळा वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसत होती. पाकीट काट्यावर न ठेवता, नुसतं तळहातावर तोलून ती वजन सांगायची. एवढ्याशा पाकिटाला देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत काय लागतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. तिनं विक्रेत्याला तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘पोस्टेज फिक्स आहे, मॅडम.’ तिनं दर लिहून पाठवले. पुन्हा तेच उत्तर. तिनं अॅपवर तक्रार केली. तिला नंबर मिळाला, आणि आठ दिवसांनी तक्रार निकालात निघाल्याचा निरोपही मिळाला. दुसरा विक्रेता शोधण्यात आणखी दिवस गेले. आईचा गावाहून फोन आला की ती सांगायची, थोडं थांबा, मी याले सोडत नाही. असे तीन आठवडे गेले.

मग रामाजींना नागपूरला दवाखान्यात आणलं.

रामाजी म्हणजे महादेवरावांचे मोठे भाऊ, वैभवीचे मोठेबाबा. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, विहीर एक, आणि त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अकरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. फुप्फुसं निकामी होत आलेल्या रामाजींनी दवाखान्यातून स्वतःच निरोप धाडला, महादेवले बोलवा. महादेवराव आले, पलंगाजवळ स्टुलावर बसले. पण रामाजींचा आवाज पार खोल गेलेला, आणि महादेवरावांना ओरडून बोललेलंही कळेना. रामाजींना लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगायलाही ते राजी नव्हते. आमच्या दोघांतलं आहे, त्याची मशीन येऊ द्या, असं म्हणून ते डोळे मिटून पडायचे. हे कळलं त्या दिवशी वैभवीनं मुकाट्यानं सगळे पैसे भरले. त्याला आज चार दिवस झाले होते.

“…अश्विन का काय नाव आहे त्याचं. चांगला तिशीचा माणूस. कपड्याच्या गोदामातच एका कपाटात सामान ठेवलं आहे त्यानं… नाही, भांडला नाही. पाणी देल्लं, बसा म्हणे. मले म्हणते, मॅडम, किमतीवर अॅपवाले कमिशन कापतात, पोस्टेजवर कापत नाहीत. म्हणून सगळेच किंमत पोस्टेजमध्ये टाकतात… आणि आयक, परत केलं तर साठच रुपये भेटतात… हो. तोंडावर सांगते. वरून म्हणे, आधी माहीत असतं तुम्ही नागपूरच्या, तर हातोहात देल्लं असतं… सांग आता. अॅपवर गावाचं नाव कुठंच नव्हतं लिहिलेलं. मी म्हटलं, हे सगळं कागदावर लिहून द्या. तो काही लिहाले तयार नाही. पाऊण तास बसली मी तिथं, पण लिहून घेऊनच… काय?… काय म्हटलं?”

हमाल परत खाली आला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यात उतरत गेला.

“आई… पुन्हा सांग.”

ती भिंतीला टेकली.

“कधी?… पावणेबाराले.”

पावणेबाराला ती वर कापडाच्या गठ्ठ्यावर बसून अश्विनला एकेक शब्द सांगत होती, आणि ‘जादा’ हा शब्द लिहायचा की नाही यावर दोघांचं अडलं होतं. गांधीबाग वाटेतच आहे, दहा मिनिटांचं काम, असं स्वतःला सांगून ती रिक्षातून उतरली होती.

“तू कुठं होती तेव्हा?… औषध आणाले. खाली… मंग जवळ कोण होतं?… बाबा. एकटेच.”

 

“मोठेबाबा काही बोलले का वं जाताना?… सिस्टरनं पाहिलं?… काचेतून… बोलले. किती वेळ?… पाच मिनिटं… बाबाचा हात धरून… मंग सिस्टरनं काही आयकलं नाही?… नाही, बरोबर आहे, तिले कसं आयकू येईन बाहेर… आणि बाबानं काय केलं?”

आई सांगत होती तसं ते वैभवीला समोर दिसत गेलं. ऐकू आलं नाही की महादेवराव मान हलवायचे आणि ‘हो’ म्हणायचे, म्हणजे समोरच्याला वाईट वाटायला नको. पाच मिनिटं त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहत मान हलवली होती. रामाजी शेवटी हसले होते म्हणे, आणि मग त्यांनी हात सोडला.

“हो म्हटलं… सगळ्याले हो म्हटलं.”

ती पायरीवर बसली. तो लिहून घेतलेला कागद अजून तिच्या मुठीत होता. तो तिनं तिथंच टाकला.

“आता काय करून राहिले बाबा?… कोणाले विचारतात?… सगळ्याइले… नको, आई, त्याहिले फोन नको देऊ. त्याहिले कुठं काही… अवं नको नं…”

पण फोन महादेवरावांच्या हातात गेला होता. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसासारखं ते मोठ्यानं बोलत होते. दादा काय म्हणाला, ते तुला माहीत आहे का, असं त्यांनी लेकीला विचारलं. मग पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाले, मी हो म्हटलं पोरी, पण मी कशाले हो म्हटलं?

“बाबा… बाबा, मी आहो. वैभवी.”

 त्यांनी फोन कानाला लावलेला असणार, आणि समोर आईच्या तोंडाकडे पाहत असणार.

“बाबा, माह्यामुळं उशीर झाला. झाकण तवाच आलं असतं. मी पैसे नाही भरले. तीन आठवडे नाही भरले. मले वाटलं, काहून द्याचे… आणि आजही, बाबा, मी सरळ तुमच्याकडं आली असती तर…”

 फोनमधून दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कोणीतरी चादर मागत होतं.

मग महादेवरावांचा आवाज आला, हळू, समजुतीचा.

हो, ते म्हणाले. हो, हो.

आणि त्यांनी फोन ठेवला.