भाऊबीजेला इंजिन चालूच

हात जोडलेत ना सगळ्यांनी? आता सोडा, मांडीवर ठेवा, आणि मला एवढंच सांगा. देवासमोर थांबणं ही भक्ती — कबूल. पण देवासमोर न थांबता पुढं निघून जाणं, हीसुद्धा भक्ती असू शकते का? मागच्या काकू मान हलवतायत. नाही म्हणतायत. असू दे, मंडळी, तात्यांची गोष्ट ऐका.

रघुवीरतात्या साताऱ्याचे. डिझेलची गाडी, लेकरासारखी जपलेली. आणि नियम असा — वाटेत देऊळ दिसलं की गाडी बाजूला, इंजिन बंद, चपला काढून नमस्कार. चालू इंजिनानं हात जोडायचे म्हणजे तोंडात घास घेऊन आरती म्हणायची, असं त्यांचं म्हणणं. आता आपल्याकडे देवळं किती? वळणावळणाला! गाडी चालायची कमी, थांबायची जास्त.

थोरली बहीण शालनताई उंब्रजला. दर भाऊबीजेला पाट मांडून बसायची. तात्या पोचायचे दिवेलागण उलटून, ओवाळून घ्यायचे आणि लाडू तोंडात असतानाच उठायचे. यंदा ताईनं फोनवर सांगितलं, "रघू, पाच मिनिटांसाठी येणार असशील तर येऊच नकोस. मी पाट मांडायची नाही."

तात्यांचा चेहरा एवढासा झाला. आणि भाऊबीजेच्या सकाळीच गाडीनं डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावला. कितीही दाबा, गाडी आपली रवंथ करत चाललेली.

गॅरेजवाल्या इस्माईलभाईंनी मशीन जोडून पाहिलं. "तात्या, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो चोंदलाय. खरं तर गाडी पळून पळून तापली की आपली काजळी आपणच जाळते. तुमची का जाळत नाही?"

"मी सांगते," सोबत आलेली तात्यांची बायको, कुमुदकाकू, म्हणाल्या. "ती तापायला लागली की ह्यांना देऊळ दिसतं. भाकरी अर्धी भाजली की चुलीतला जाळ काढायचा, आणि वर विचारायचं, कच्ची कशी?"

इस्माईलभाई हसले. "मग हायवेला घ्या, एका वेगात पळवा. दिवा जाईपर्यंत बंद करायची नाही. आज जळली नाही तर गाडी इथंच सोडावी लागेल."

"वाटेत मारुती आहे हो," तात्या म्हणाले.

"त्यानं अख्खी लंका जाळली," काकू म्हणाल्या. "तुमच्या काजळीचं त्याला काय?"

निघाले. मारुती आला — तात्यांचा पाय ब्रेकवर. "पाय!" काकू म्हणाल्या. महादेव आला — तात्यांनी डोळे मिटले. "अहो, डोळे उघडा, नाहीतर समक्षच भेट होईल!" देवळागणिक गाडी हळू होत गेली, म्हणून उंब्रज आलं तरी दिवा तसाच.

दारात ताई. हाताची घडी. पाट नाहीच.

तात्यांनी काच खाली केली. इंजिन चालूच. "ताई, बस."

"म्हणजे यंदा पाच मिनिटंसुद्धा नाहीत?"

"नाही गं. यंदा मला थांबताच येत नाही, आणि तुला सोडून जायचं नाही. बस ना."

ताईनं हाताची घडी सोडली. मग आत गेली, ताट घेतलं, काकूंना मागं बसवून लाडवांचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुढं येऊन बसली. गाडी कऱ्हाडच्या दिशेनं सुटली. आणि मंडळी, किती वर्षांचं साचलेलं ताईनं काढलं! आईच्या आजारपणात कोण जागलं, घर रंगवल्यावर कोण बघायला आलं नाही… तात्या उठून जाणार कुठं? दोन्ही हात स्टिअरिंगवर. ऐकत राहिले. मग ताई रडली. मग लहानपणचं काहीतरी आठवून दोघं इतकी हसली की काकूंच्या हातून डबा सांडता सांडता राहिला.

"काहीतरी जळल्यासारखा वास येतोय रे," ताई म्हणाली.

"येऊ दे," तात्या म्हणाले.

कऱ्हाड मागं पडल्यावर दिवा विझला. काकूंनी मागून पाहिलं आणि डबा नीट धरून बसल्या. तात्यांनीही पाहिलं असावं — पण पाय काही ब्रेकवर गेला नाही. गाडी चांगली पळत होती. कोल्हापूरच्या अलीकडं एका चहाच्या टपरीपाशी थांबली, आणि तिथं ताईनं भावाला ओवाळलं. चहावाल्यालासुद्धा लाडू मिळाला.

मंडळी, आता तुमच्याकडं वळते. हसू नका. घरच्या माणसांशी आपलं बोलणं कसं असतं? "जेवलीस का? बरी आहेस ना? ठेवतो मग." तापायच्या आत बंद! काजळी साचेल नाहीतर काय होईल? आज प्रसाद घेतलात की जाताना ज्याला टाळताय त्याच्याकडं जा, आणि उठायची घाई करू नका. देवळात यायला उशीर झाला तर होऊ दे. देव थांबेल, त्याला सवय आहे.