ढिगाच्या पोटातला जाळ

मी मूळची सुरगाण्याकडची, पार गुजरातच्या कडेला आमचं गाव. घरी भात नि नागली, ती काय वरीसभर पुरती व्हय, म्हनून दिवाळी झाली का सगळा गाव जीपगाड्यांत बसून बाहेर कामाला. कोनी द्राक्षांच्या बागांत जायचं, आमी गेलो सिन्नरला. माझा नवरा सोमा, मी, अन् माझी नणंद मंजुळा, तिचं लग्न व्हायचं व्हतं अजून.

तिथं पांढऱ्या कोळशाची कंपनी निघाली व्हती. आता पांढरा कोळसा म्हंजी काय सांगू तुमाला ताई, तो कोळसाबी नाय नि पांढराबी नाय. आमच्याच डोंगरावरचं गवत ट्रकनं यायचं, ते वाळवायचं, बारीक करायचं, मशिनीत घालायचं, मशीन त्याला असं दाबायची का पलीकडून मनगटाएवढ्या जाड कांड्या निघायच्या, गरम, चकचकीत. आजूबाजूच्या कंपन्या त्या बॉयलरात जाळायच्या. सोमा मशिनीवर, आमी दोघी गवतावर. मला पयल्यापासून भ्याव वाटायचं तिथं. भुगा उडायचा, कोनी बिडी वढली तरी मी लांब जाऊन उभी राहायची. मंजुळा हसायची, म्हनायची वयनी जीपलाबी भेती नि मशिनीलाबी भेती.

एका साली गवत ढिगाला लागलं अन् अवकाळी पाऊस आला. वरून ताडपत्री टाकली, पन आतलं वलं ते वलंच. दोन पुरुस उंच ढीग. तीन-चार हप्त्यांनी वास यायला लागला, गूळ करपावा नि त्यात तंबाखू मिसळावी तसा. सकाळी ढिगातून वाफ निघायची, अन् मधी एक जागा खाली बसलेली. माझा बाप सांगायचा, वला पेंढा रचू नको, त्याच्या पोटात जाळ धरतो नि वरून कळत नाय. मी कोपरापोतर हात घातला नि झटक्यानं काढला, तव्यावर ठेवावा तसा झाला व्हता.

मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हनला गवताला वाफ येतीच, तुमी डोंगरातले लोक उगं भूत बघता. म्हनला गवतावाचून मशीन थांबलीय, उद्या वर चढून गवत खाली वढायचं, अन् चढायला माझंच नाव घेतलं.

आता खरं सांगते. दुसऱ्या दिवशी मी म्हनले माझं पोट दुखतंय. पोट काय दुखत नव्हतं. मला भ्याव वाटलं. तर त्यानं मंजुळाला सांगितलं, तू जाय. मी तिचा हात धरला, म्हनले नको गं, आत जाळ हाय. ती म्हनली कामावरून काढतील तिघांनाबी, अन् हात सोडवून गेली. मी ठरवलं असतं तर सोडला नसता. पन मी सोडला ताई.

ती ढिगावर चढली, मधल्या बसक्या जागेकडं गेली नि कमरेपोतर आत. आधी हसलीच, तिला वाटलं गवत मऊ हाय. मग तिचा चेहरा बदलला. वरडली नाय, तोंड उघडं नि आवाजच नाय. आजूबाजूनं धूर यायला लागला. सोमा धावला, पन त्याच्या वजनानं कडाच खचायला लागली. मग कोनीतरी बांबूची शिडी आनली, ढिगावर आडवी टाकली, अन् सगळ्यांत हलकी मी.

पोटावर सरकत गेले. खालून अशी धग येत व्हती, शिडीचे बांबू गरम. अर्ध्यात गेले नि हातपाय चालंना. किती येळ गेला देवाला ठाऊक. तवा मंजुळा हळूच म्हनली, वयनी, मागं जाय, तूबी बुडशील.

तिनं ये म्हनलं असतं तर कदाचित मी मागं फिरले असते. जाय म्हनली म्हनून पुढं सरकले. तिच्या काखेखालून माझा पदर घातला, माझ्या मनगटाला त्याचे दोन येढे दिले, अन् सोमानं नि बाकीच्यांनी शिडी वढली. ती निघाली तसा त्या भोकातून जाळ वर आला. ढीग तीन दिवस जळत व्हता, बंब येऊन येऊन दमला.

तिचे पाय भाजले, गुडघ्यापोतर तर लय. सरकारी दवाखान्यात लय दिवस काढले आमी. वाचली. लंगडती थोडी, पन लग्न झालं, दोन लेकरं हायत, गावी नागली लावती. माझं पोट दुखत नव्हतं ते तिला ठाऊक हाय का नाय, तिनं कदी इचारलं नाय, मीबी सांगितलं नाय. तुमालाच सांगते.

तो सुपरवायझर काम सोडून गेला, कंपनीचा मालकबी बदलला. नव्या मालकानं मला दुसरं काम दिलं. हातात लांब लोखंडी सळई, ती ढिगात खुपसायची, जरा थांबायचं, काढून हात लावायचा. गार असली तर बाया वर चढतात, मी नाय म्हनले तर मालकबी पाय ठेवत नाय. लोकांना वाटतं बाई लय धीराची. सळई काढते तवा माझे डोळे मिटलेले असत्यात, ते कोन बघतं.

चला, च्या प्या. नीट जा ताई. तुमचे पाय गार राहोत.