नेपाळच्या दवाखान्यात मी पळालो त्याची गोष्ट

बसा म्हणे! वीस वर्षं लातुरात फळ्यापुढं उभं राहून फिजिक्स शिकवलेल्या माणसाला कुणी 'नुसतं बसा' म्हणतं का? तुम्हाला सांगतो, मला बसवत न्हाई हो!

झालं काय, यंदा, पंधरा सालच्या एप्रिलात, नेपाळात भूकंप झाला ना, तवा आमची जुनी विद्यार्थिनी मनस्विनी तिकडं, काठमांडूजवळ, देणग्यांवर चालणाऱ्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. तिचा फोन! ''सर, इमारतीला तडे गेलेत, मुलं तंबूत ठेवलीत, निम्मा स्टाफ आपापली घरं उपसायला गेलाय... माणसं हवीत हो!''

बायको सिंधू म्हणाली, ''अहो, क्लासचा सीझन हाय! अन् तुम्हाला साधा ताप बघता येत न्हाई!'' खरं हाय. पण त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव पडलं, तवा कुठकुठचे लोक, ना ओळख ना भाषा, आमच्यापाशी येऊन राहिलेच की! निघालो.

गेल्या गेल्या विचारलं, ''बोल मनस्विनी, काय शिकवू?''

''काही नको सर. या बिमलाजवळ बसा.''

बिमला आठ वर्षांची. घर अंगावर आलेलं, पाय प्लॅस्टरात. तवापासून एक शब्द न्हाई, तोंड गच्च मिटलेलं. जखम चिघळलेली, इंजेक्शनं संपलेली, उरल्या गोळ्या. अन् ही गोळी घेईना! ताप चढतच होता. मी बसलो. गुरुत्वाकर्षण सांगितलं... तिनं तोंड पलीकडं फिरवलं. आता करू काय? मला बसवत न्हाई हो!

तेवढ्यात जमीन हालली! आता मी सकाळीच समद्या सिस्टरांना छाती काढून सांगितलेलं, ''घाबरू नका, मी लातूरचा हाय!'' अन् पहिला कोण पळाला? मीच! स्टूल हातात घेऊन! बाकी समदे जागच्या जागी. अहो, तंबू तो! कापडच! पडलं तर पांघरूण पडणार! पण ते पायांना कुठं ठाऊक? पाय त्र्याण्णवचे!

मान खाली घालून परत आलो, तर बिमला, तीच बिमला, म्हणते, ''सर... यो त पाल हो!''

''पाल? कुठाय?'' म्हणून मी टुणकन स्टुलावर! मनस्विनी म्हणाली, ''सर, पाल म्हणजे तंबू!'' अहो, आपल्या बाजारातबी पालंच टाकतात की, पण त्या घाईत सुचतंय कुणाला? बिमला हसली, पार डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली! मनस्विनीनं पटकन गोळी पुढं केली. बिमलानं माझ्याकडं बोट केलं, ''फेरि!''

म्हणजे 'पुन्हा'. मला वाटलं, फेरी मार म्हणतीय. मारली! तंबूभोवती, 'आलाऽ आलाऽ' ओरडत! अन् तिनं गोळी गिळली हो... मनस्विनी तोंड फिरवून उभी राहिली. मी आपला धापा टाकत होतो, म्हणून डोळे पुसले.

आठवड्यात ताप उतरला. पण समद्या मुलांना चटक लागली ना! ''सर, फेरि!'' त्याशिवाय एक पोर औषध घेईना. आता बसतो म्हणलं तरी कुणी बसू देईना!

मग मी परत लातुरात. काल पुन्हा मनस्विनीचा फोन. ''सर, बिमला चालायला लागली! इमारत दुरुस्त झाली, मुलं आत हलवली. पण नवीन आलेली मुलं औषध घेत नाहीत. दिवाळीत याल?''

''अगं, आता तंबू न्हाई, मी पळू कुठून?''

''सर, आता जिना आहे.''

काय करता? गुडघे दुखायलेत, पण तिकीट काढलंय. सिंधूला सांगितलंय, व्याख्यान हाय.