पंपवाल्या काकांचा पाचवा प्रश्न

"मुलगी गुणी आहे गं, पण डोक्यात काही चालतच नसावं तिच्या… तीन महिने झाले, एक प्रश्न म्हणून विचारला नाही!"

आता हे वाक्य माझ्यासाठी नव्हतंच मुळी! सासूबाई गॅलरीत उभ्या राहून फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या, आणि मी दोरीवरच्या ओल्या चादरीमागे, दातांत कपड्यांचे दोन चिमटे धरून. तोंडात चिमटे असलेल्या माणसाने बोलायचं काय?

पण तुम्हाला सांगते, मला प्रश्न पडत नाहीत? मला?? अहो, रोज दुपारी दीड ते चार मी दुसरं करते काय! 'शंकाघर' नावाची एक मराठी साइट आहे, कुणीही यावं, काहीही विचारावं, ज्याला येतं त्याने उत्तर द्यावं, आणि ज्या प्रश्नाला शेंडा ना बुडखा तो बंद करायला आम्ही मॉडरेटर. पगार नाही, रजा नाही, शिव्या मात्र वेळच्या वेळी. आणि प्रश्न तरी कसले! 'स्वारगेटवरून बस कधी आहे?' अरे, कुठली बस, जायचंय कुठे, तुझं तुला तरी माहीत आहे का? एकाने लिहिलं, 'ताक?' बस्स. ताक, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी अर्धा तास त्या ताकाकडे बघत बसले होते! तर असलं सगळं मी निवडते, आणि तिथे माझं नाव 'चाळणी'. बिबवेवाडीला माहेरी असल्यापासूनचं. चाळणीचं नाव काढलं की लोक प्रश्न पुन्हा वाचून बघतात म्हणे.

मग हे घरात सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. विचाराच! चौथाच दिवस होता माझा या घरात. कर्वेनगरची सकाळ, पोह्यांच्या बशा मांडलेल्या, आणि बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, टॅबलेट टेबलावर आपटला. "बंद केला! पुन्हा बंद केला! हा चाळणी म्हणजे निवृत्त हेडमास्तर असणार, लिहून देतो! घरात बायको बोलू देत नसेल, तो सूड इथे उगवतो मेला!"

माझ्या हातात डाव. पोहे वाढू का, एवढंच निघालं तोंडातून. आमोदला, माझ्या नवऱ्याला, खोलीत जाऊन सांगितलं तर तो उशीत तोंड खुपसून हसला. वर म्हणतो, "मी मध्ये पडणार नाही, हा तुमचा ऑनलाइन मामला आहे." लग्न केलंय मी याच्याशी!

बाबांनी पहिला प्रश्न विचारला होता, 'आजकालच्या मुलांना शिस्त का नाही?' आता हे मत झालं, प्रश्न कुठाय? बंद. दुसरा, 'वरच्या मजल्यावरचे लोक पहाटे खुर्च्या का ओढतात?' मी लिहिलं, याचं उत्तर वरच्या मजल्यावर मिळेल. बंद. तिसरा, 'हे सगळं कुठे चाललंय?' हे म्हणजे काय ते लिहा. बंद. आणि चौथा म्हणजे तिसराच, फक्त शेवटी तीन प्रश्नचिन्हं! आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? पहिले तीन तर लग्नाआधीचे, तेव्हा मला काय स्वप्न पडलं होतं हे माझे सासरे होणार म्हणून?

पण एक सांगते हं. प्रश्न विचारण्यात बाबा जितके ढ, तितकेच उत्तरं देण्यात हुशार. आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस! पंप घरघरतो, पंप हवा धरतो, पंप चालू होऊन पाणी चढत नाही… तीनशेच्या वर उत्तरं आहेत त्यांची शंकाघरावर, आणि एकेक असं की वाचून मलाही पंप उघडावासा वाटतो. एका बाईंनी आभार मानताना त्यांना 'पंपवाले काका' म्हटलं, तर ते वाक्य छापून आणून कपाटाच्या दारावर चिकटवलंय त्यांनी. निवृत्तीनंतर फोन यायचे थांबले होते, आता रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा पंप त्यांची वाट बघत असतो. आणि आमचा नियम असा, की पाच प्रश्न बंद झाले की अकाउंट कायमचं जातं, उत्तरांसकट! चार झालेले. मी मनात रोज म्हणत होते, बाबा, उत्तरं द्या, हवी तितकी द्या, पण कृपा करून काही विचारू नका!

आणि परवाच्या रविवारी दुपारी… विचारलंच!

'घरात नवी सून आली आहे. तीन महिने झाले. हो, नाही आणि वाढू का, याच्या पलीकडे बोलत नाही. आमच्याकडून काही चुकलं आहे का?'

बोट बटणावर होतं माझं. हो, सवयीने! खासगी मामला, बंद. पण ते शेवटचं वाक्य वाचलं आणि बोट जे राहिलं ते तिथेच. शिवाय प्रश्न माझ्याबद्दलचा, म्हणजे मी त्याला हात लावायचा नाही, आणि हा नियम कुणी लिहिलाय? मीच! मग दुसऱ्या मॉडरेटरना, शहेजादभाईंना कळवलं. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये प्रश्न तपासतात, आणि नियमाला माझ्याहून पक्के. त्यांचं उत्तर आलं, "तुमच्या घरचं आहे ना ताई? मग तुम्ही लांबच राहा." आणि प्रश्नाखाली नोटीस लावून मोकळे! 'जिच्याबद्दल प्रश्न आहे तिला आधी विचारलंत का? नसेल तर प्रश्न सहा वाजता बंद होईल.'

तोपर्यंत अकरा उत्तरं! 'माहेरचं कुणीतरी शिकवत असेल.' 'हल्लीच्या मुली शिष्टच.' एका काकूंनी लिहिलं, 'मी सुनेचा मोबाईल काढून घेतला. तिसऱ्या दिवशी बोलली. काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.' आणि हे सगळं कोण निवडणार एरवी? मी! आणि मला हात लावायला बंदी!

साडेपाचला हॉलमध्ये आले तर बाबा लालबुंद. "हा आणखी एक उगवला! चाळणीचा चेला! म्हणे तिला विचारलंत का! अहो, विचारायला ती बोलायला नको?"

"हळू बोला," सासूबाई मटार सोलता सोलता कुजबुजल्या, "ऐकेल ती!"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते हो! आमोदने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, उलटं!

एकच वाट होती. विचारणाऱ्याने स्वतःहून प्रश्न मागे घेतला तर तो मोजत नाहीत. पण बाबांना ते सांगायचं म्हणजे मला ते कसं माहीत हेही सांगायला हवं. मग नवी सून म्हणजेच तो खडूस हेडमास्तर, हे एकदा कळल्यावर मला या घरात चहा तरी मिळेल का? नाही सांगितलं तर तीनशे पंप पाण्यात. घड्याळात सहाला दहा कमी. मग काय केलं? कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मोबाईलवर टाइप केलं.

टिंग! टॅबलेट वाजला.

"चाळणीचा निरोप!" बाबा ताठ झाले. "थेट मला! वाचतोच मोठ्याने. 'बाबा, प्रश्न मागे घ्या, नाहीतर सहा वाजता अकाउंट जाईल, सगळी उत्तरं जातील.' बाबा? हा हेडमास्तर मला बाबा म्हणतो? 'तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. मला बोलायला जरा वेळ लागतो, एवढंच. चाळणी मीच. कोपऱ्यात बघा. नीरजा.'"

मटार सोलायचे थांबले. आमोदचं वर्तमानपत्र थरथरायला लागलं. बाबांनी कोपऱ्यात बघितलं, टॅबलेटकडे बघितलं, परत कोपऱ्यात.

सहाला तीन कमी असताना त्यांनी बोट पुढे केलं आणि प्रश्न मागे घेतला. मग चष्मा काढला, पुसला, घातला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"बरं, मग तुलाच विचारतो. करमतं का तुला इथे? आमोद नीट वागतो ना? दुपारभर तू हेच करतेस? नोकरी शोधायची आहे का? आम्ही फार बोलतो का?"

"आणि आमची आमटी?" सासूबाई मटाराची परात घेऊन पुढे सरकल्या. "खरं सांग हं. आवडते ना?"

तुम्हाला सांगते, सहा प्रश्न, एका दमात, सहा डोळे माझ्यावर! आता काय करणार? सवय आहे हो, जाता जात नाही. घसा साफ केला आणि म्हटलं,

"एका वेळी एकच प्रश्न विचारा, बाबा… आणि आई, आमटीचा तेवढा मागे घ्या."