साहेबांसमोर नीलव्वा

गदगच्या स्टँडवर रोणच्या बसची वाट बघत मी चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होतो. शेजारच्या बाकावर हायस्कूलचे एक मास्तर आणि त्यांची बायको बसली होती.

"अगं, नीलव्वा बोलली! नववीतली, जिला पोरं मुकी म्हणतात ती. थेट साहेबांसमोर, इंग्रजीत!"

"तपासणीला आलेल्या साहेबांसमोर?"

"हो! साहेबांनी विचारलं, काही अडचण आहे का? सगळा वर्ग खाली मान घालून बसलेला. ही उठली आणि घडाघडा म्हणाली, आमचे सर जेवणानंतर वर्गात झोपतात."

"अय्यो शिवा!"

"घोरतातसुद्धा, म्हणाली. तो शब्द मी शिकवलेलाच नाही गं, तिनं स्वतः वाचून शोधलाय!"

"अहो, हसताय काय? बढती गेली ना!"

"गेल्या वर्षी तिला इंग्रजीची एक ओळ वाचता येत नव्हती. वाचायची वेळ आली की दप्तरात तोंड खुपसायची."

"साहेब काय म्हणाले ते सांगा."

"माझ्याकडे वळून म्हणाले, हे खरं आहे?"

"तुम्ही नाही म्हणालात ना? सांगा की, नाही म्हणालात!"

"म्हणालो, खरं आहे साहेब. पण तिला पुन्हा एकदा सांगू द्या, मला ऐकायचंय."

"देवा! मग?"

"सांगितलं की! दुसऱ्या खेपेला कारणही जोडलं. म्हणाली, चूक सरांची नाही, त्यांची बायको डब्यात चार-चार रोट्या देते."

"म्हणजे माझ्यावर आलं होय! हेही इंग्रजीत?"

"इंग्रजीत!"

"...उद्यापासून तुम्हाला दोनच. उरलेल्या दोन त्या पोरीला द्या."