मिरचीच्या डब्याची गिटार

हसू नका, पण शाळेत गॉगल घालून गिटार वाजवणारी आमची लेक मैत्री एकटीच, आणि तेही माझ्यामुळे.

चौथीच्या पोरांना घरी वाद्य बनवून आणायचं होतं. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, त्यातला माणूस सिगारच्या लाकडी पेटीची गिटार करत होता. आता आमच्या देवपुरात सिगारची पेटी कुठून आणायची? शेवटी सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, मिरचीपूड ठेवायचा जुना लाकडी डबा काढून दिला.

मी त्या माणसाची एकेक सूचना परीक्षेसारखी पाळली. आवाजासाठी झाकणाला भोक पाडायचं. दांडा झाकणावर चिकटवायचा नाही, डब्यातून आरपार घालायचा, नाहीतर तारांच्या ताणाने झाकण खचतं. लाकडाला पाणी लावायचं नाही, ते फुगतं. म्हणून डबा नुसता कोरडा पुसला. पण तार तुटून पोरीच्या डोळ्यात गेली तर? ते काही तो सांगेना. मग मीच तिला तिच्या पप्पांचा गाडीवरचा गॉगल दिला.

"मम्मी, सगळे हसतील."

"हसू देत. डोळे महत्त्वाचे."

दुपारी शाळेतून बाईंचा फोन आला. त्या काही बोलायच्या आत मीच विचारलं.

"तार तुटली का? डोळा ठीक आहे ना तिचा?"

"तार शाबूत आहे हो," बाई शिंकत म्हणाल्या, "पण तिने जोरात वाजवलं आणि डब्याच्या भोकातून तिखट उडालं. अख्खा वर्ग रडतोय, तुमची मैत्री सोडून!"

अक्कांना हे भीतभीतच सांगितलं. अख्खा वर्ग रडला हे ऐकून त्यांनी कौतुकाने नातीकडे पाहिलं.

"बठ्ठा वर्ग रडना? मंग पोर मोठी कलाकार शे!"