मी मरायला गेले नव्हते

नाव द्वारकाबाई दौलतराव जगदाळे, वय ४१, धंदा घरकाम, राहणार कृष्णपुरा, इंदूर. दि. ८ ऑक्टोबर १९५९, सायंकाळी पाच वाजता. पोलीस चौकीचे जमादार बाबूराव मराठी असल्याने माझ्या बोलीतच लिहून घेत आहेत.

समक्ष हजर राहून सांगते की, माझे यजमान पूर्वी होळकर सरकारच्या फौजेत होते. हल्ली पलासियात एका कचेरीवर पहारा करतात. ते दारू पीत. मीही पीत होते. त्यांचं साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक, माझं कुणालाच नाही. नऊ वर्षांपूर्वी आमची सात वर्षांची मुलगी कमल तापानं गेली. तेव्हापासून दुपारी दार लावून मी त्यांच्या बाटलीतली घेत असे. वरून इलायची चावत असे.

यंदा श्रावणात यजमानांनी दारू सोडली. सोडल्यावर त्यांना भलतंसलतं दिसे, म्हणून फौजेतले दोस्त पाळीपाळीनं त्यांच्या उशाशी बसले. "भिया, हम बैठे हैं," म्हणत. यजमान त्यांच्यापुढे रडले. सकाळी दोस्त त्यांना तालमीत घेऊन जात. मी सगळ्यांचा चहा केला. घरातली बाटली गेली, म्हणून भाजीच्या पिशवीतून माझी मी आणू लागले.

ह्या सोमवारपासून मीही बंद केली. कुणाला बोलले नाही. ताप आहे म्हणून पडून राहिले. यजमान म्हणाले, "डॉक्टरला बोलावू का?" मी नको म्हटलं.

आज दुपारी तीनच्या सुमारास समोरची भिंत पाण्यासारखी हलू लागली. तिच्यात चांदीचे मासे फिरत होते. भीती वाटली नाही. बाहेर आले, तर नदीकाठच्या होळकरांच्या दगडी छत्र्या होड्यांसारख्या हळूहळू तरंगत निघालेल्या. पलीकडच्या काठावर कमल केस सोडून बसली होती. वेणी घालून दे म्हणत होती. मी पायऱ्या उतरले. पाणी कमरेला लागलं तेव्हा बाजाराचा सगळा आवाज थांबला. फार बरं वाटलं.

फुलवाली जनाबाई हिनं पाण्यात येऊन माझा पदर धरला. म्हणाली, "बाई, उधर कोई नहीं है." मी म्हटलं, "आहे. जरा थांब." तिनं लोकांना हाका मारल्या. मग शिपाई आले.

मी जीव द्यायला गेले नव्हते. हे नीट लिहावं.

जमादारांनी विचारलं, नवऱ्याला का नाही सांगितलं. मी म्हटलं, यजमान चार माणसांत सांगू शकले. बाई पिते म्हटल्यावर कोण येऊन बसलं असतं?

लिहिलेलं मला ऐकवलं, मी बोलले तसंच आहे. यजमानांनाही ऐकवा, असं मी म्हटल्यावरून त्यांना बाहेरून आत बोलावलं आणि जमादारांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. बाकावर बसा म्हटलं तरी यजमान बसले नाहीत. वाचून झाल्यावर मग म्हणाले, "आठ दिवसांची रजा टाकतो. घरी चल."

मी सही करायला वाकले. कागद यजमानांनी धरून ठेवला.